गळाचा दोर: तंगूस की ब्रेडेड?

एप्रिल सरून मे लागला की येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर या तिन्ही जलाशयांचं पाणी मागं हटतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर टरबूज-काकडीची गाळपेर दिसू लागते. येलदरीची भिंत परभणी जिल्ह्यात आणि इसापूरचं पाणी यवतमाळशी वाटून घेतलेलं असलं, तरी तिन्ही पाणी हिंगोलीकरांच्या पायाखालचं. गाळपेरीच्याही पुढं, पाण्याच्या नव्या कडेपर्यंत चालत गेलं की धरणानं बुडवलेली जुनी शिवारं भेटतात. बांधांचे दगड, अर्धवट बुजलेल्या विहिरी आणि कुजायचं नाव न घेणारी बाभळीची खुंटं. या खुंटांपाशी जरा वाकून बघावं. कुणा ना कुणाचा दोर तिथं गुंडाळलेला असतो. बहुतेक वेळा तो तंगूस असतो, ऊन खाऊन दुधाळ झालेला, बोटांत धरून झटका दिला की तुटणारा. एखाद्या खुंटात मात्र बारीक हिरवा धागा लाकडाच्या आत रुतून बसलेला सापडतो. तो ओढायला जावं तर बोट कापतं, धागा तुटत नाही. त्याच्या टोकाला गळ, शिसं आणि कधी कधी महागाचं रबरी बेडूक अजून लटकत असतं.

दुकानात दोर घेताना आपण विचारतो, ‘किती किलोचा मासा झेलेल?’ प्रश्न रास्त आहे, पण या भागात तो पहिला नसावा. आपल्याकडचा दोर माशाशी झुंजतो दहा मिनिटं. तळाशी झुंजतो दिवसभर. म्हणून दोर निवडायचा तो आधी तळ बघून, मग पाणी बघून, आणि मासा बघून सगळ्यात शेवटी. पण आधी हे दोन दोर मुळात काय आहेत ते बघू.

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकसंध तंतू. वितळलेलं नायलॉन बारीक भोकातून दाबून काढायचं, पाण्यात थंड करायचं आणि मग ताणून लांबवायचं, की आतले रेणू एका दिशेला लागतात आणि तंतू बळकट होतो. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ साली नायलॉन जन्माला आलं. १९३८ मध्ये त्याचे टूथब्रशचे केस निघाले, १९४० मध्ये बायकांचे मोजे, आणि मासेमारीचा दोरही त्याच सुमारास आला. स्वतः कॅरोदर्स १९३७ मध्येच वारले होते. यातलं काहीच त्यांनी बाजारात पाहिलं नाही.

त्याआधी दोर सणाचा, सुताचा, रेशमाचा, नाहीतर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. इंग्रजीत आयझॅक वॉल्टन यांनी गळाच्या मासेमारीवर १६५३ मध्ये लिहिलेलं पुस्तक जगभर नावाजलं जातं. त्यातला दोर घोड्याच्या केसांचाच आहे. पण त्याच्याही पाच शतकं आधी, हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. साल ११३१च्या आगेमागे. राजाच्या करमणुकींच्या त्यातल्या भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. कोणता मासा कुठं राहतो, त्याला काय चारावं, आमिष कसं लावावं, गळ कसा टाकावा, हे त्यात तपशिलानं येतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी गेल्या शतकात त्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. मराठवाड्यात गळ टाकून बसणं हे रिकामटेकड्यांचं काम समजणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा.

ब्रेडेड दोराची गोष्ट अगदी अलीकडची. गुंफलेले दोर पूर्वीही होते, सुती होते, पॉलिएस्टरचे होते. आज दुकानात ब्रेडेड म्हणून मिळतो तो वेगळा. त्याचा कच्चा माल पॉलिथिन, म्हणजे कॅरीबॅगच्याच कुळातला. फक्त रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब असलेला. तो द्रावकात विरघळवून जेलीसारखा करायचा, त्याचा धागा काढायचा आणि तो कित्येक पट ताणायचा, ही युक्ती नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्त्रा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस शोधली. ‘डायनीमा’ हे त्याचं व्यापारी नाव. वजनाला वजन लावलं तर हा तंतू पोलादाला मागं टाकतो. असे केसाहून बारीक असंख्य तंतू घेऊन त्यांचे चार किंवा आठ पेड गुंफले की ब्रेडेड दोर झाला. आठपेडी दोर गोल आणि गुळगुळीत असतो, रॉडच्या कड्यांतून आवाज न करता जातो. चारपेडी जरा खरखरीत आणि स्वस्त.

आता तळ. हिंगोली जिल्ह्याच्या खाली दख्खनचा काळा पाषाण आहे. पैनगंगा, कयाधू, पूर्णा या तिन्ही नद्यांच्या पात्रात तो उघडा पडतो, आणि फुटलेल्या दगडाची कड सुरीसारखी असते. या कडेवर ताणलेला ब्रेडेड दोर घासला की त्याचे वरचे तंतू एकेक करून तुटतात. प्रत्येक तंतू इतका बारीक असतो की त्याला तुटायला फारसं काही लागत नाही. आणि सगळ्यांनी मिळून जे वजन पेलायचं, ते उरलेल्यांवर येतं. तंगुसालाही ओरखडा पडतो, पण तो एकच जाड कांब असतो, त्यामुळं पृष्ठभागावरचा ओरखडा लगेच जिवावर बेतत नाही. खडकाळ डोहात, पुलाखाली, धरणाच्या पिचिंगच्या दगडांवर तंगूस बरा.

बाभळीच्या खुंटांचा न्याय निराळा. तिथं ब्रेडेड तुटत नाही, लाकडात करवतीसारखा शिरतो आणि तिथंच घट्ट बसतो. तंगूस जाड आणि निसरडा असल्यामुळं खुंटावरून सरकतो, जरा सैल सोडला तर कधी कधी आपोआप सुटतोही. काठावरचं बेशरमही असंच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरमाच्या काड्या वाळून ताठ उभ्या राहतात, पावसाळ्यात पुन्हा बुडतात, आणि त्यांच्यात अडकलेला ब्रेडेड काढायचा म्हणजे अख्खं झुडूप उपटायची तयारी हवी.

मग ब्रेडेड घ्यायचाच कशाला? मऊ वनस्पतीसाठी. शेवाळ, पाणगवत, जलपर्णी यांनी भरलेल्या गावतळ्यात तोच बारीक, करवती दोर गवत कापत येतो. आणि अशाच जागी मरळ असते. मरळ हवेतला श्वास घेणारा मासा, उथळ आणि कोंदट पाण्यात मजेत राहणारा. गवतावरून रबरी बेडूक हळूहळू ओढत आणला की खालून ती उसळते, बेडूक धरते आणि त्याच दमात गवताच्या बुडाशी घुसते. इथं दोर लवचीक असून चालत नाही. पहिल्या दोन सेकंदांत तिचं तोंड वर वळवलं नाही तर ती गवताला विळखा घालून बसते, मग ओढत राहा. ब्रेडेड पाण्यावर तरंगतो, त्याची घनता पाण्याहून थोडी कमी, सुमारे ०.९७, त्यामुळं बेडूकही वर राहतो. नायलॉनची घनता १.१४, म्हणून तंगूस हळूहळू बुडतो आणि बेडकाचं नाक खाली ओढतो. मरळीच्या मागं असणाऱ्यानं ब्रेडेडच घ्यावा. या एका बाबतीत माझ्या मनात किंतु नाही.

ताण खाण्याचा मुद्दा इथूनच निघतो, आणि सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. तंगूस तुटण्याआधी आपल्या लांबीच्या वीसेक टक्के वाढू शकतो. ब्रेडेड वाढतो तीन-चार टक्के. समजा गळ काठापासून ३० मीटरवर पडला आहे. झटका दिल्यावर तंगूस १० टक्के जरी ताणला तरी तुमच्या झटक्यातले ३ मीटर दोरानंच गिळले. तिकडं गळाला जे पोचतं ते उरलंसुरलं. ब्रेडेडवर तोच झटका जवळपास जसाच्या तसा पोचतो, आणि तिकडं माशानं आमिषाला नुसतं हुंगलं तरी इकडं बोटाला कळतं. ऐकायला हे सगळं ब्रेडेडच्या बाजूचं वाटतं. पण कटल्याचं तोंड आठवा. मोठं, पण ओठांची कातडी नाजूक. कणकेचा गोळा चोखत असलेल्या कटल्याला ब्रेडेडवर करकचून झटका दिला की गळ ओठ फाडून मोकळा होतो. रोहू, मृगळ, सायप्रिनस यांची पहिली धाव लांब आणि जोरकस असते. त्या धावेत तंगूस रबरासारखा मागंपुढं होतो आणि रीळवाल्याची चूक पोटात घालतो. नवशिक्यानं मोठ्या कार्पमाशांसाठी तंगूस घ्यावा असं मी म्हणतो ते यासाठी. स्वस्त असतो हे कारण दुसरं.

आता त्या किलोच्या आकड्याकडे. ०.३० मिलिमीटरचा साधा तंगूस सुमारे ५ किलोचा ताण घेतो. जाडी दुप्पट केली, ०.६० घेतला, तर बळ दुप्पट होत नाही, जवळपास चौपट होतं, कारण ताण पेलतं ते दोराच्या छेदाचं क्षेत्रफळ. हे लक्षात आलं की कळतं की जरासा जाड तंगूस घेण्यानं किती फरक पडतो. ब्रेडेडमध्ये तर त्या ०.३०च्या आसपासच्या जाडीत तिप्पट-चौपट बळ मिळतं. पाकिटावरचा आकडा मात्र कोऱ्या, सरळ, विनागाठीच्या दोराचा असतो. तंगूस पाणी पितो, आपल्या वजनाच्या ८ ते १० टक्क्यांपर्यंत, आणि भिजल्यावर त्याचं बळ दहा-पंधरा टक्क्यांनी उतरतं. ब्रेडेडचे तंतू पाणी पीत नाहीत, पण पेडांच्या फटीत पाणी धरून ठेवतात. म्हणून रीळ फिरवताना अंगावर तुषार उडतात, एवढंच.

खरी घट होते गाठीत. नायलॉनची गाठ चांगली बांधली तर बळ फारसं कमी होत नाही. ब्रेडेड मात्र साबणासारखा निसटता. तंगुसाला चालणारी पाच विळख्यांची गाठ ब्रेडेडला बांधली की ती हळूच सरकत सुटते, आणि घट्ट बसलीच तरी बळ निम्म्यावर येऊ शकतं. दोर दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून काढायचा, सैल गाठ मारायची, त्या फासातून गळ ओवायचा आणि मग आवळायचं, ही पालोमार गाठ ब्रेडेडला सगळ्यात विश्वासाची. कोणतीही गाठ आवळण्याआधी जिभेनं ओली करावी. कोरड्या घर्षणात नायलॉन तापतं आणि नेमकं गाठीतच कमजोर होतं. गाठीखालचा तंगूस कुरळा, खरखरीत दिसला तर समजावं की ती कोरडी आवळली गेली. कापून पुन्हा बांधावी.

पाण्याचं म्हणाल तर, दोर माशाला दिसतो का, यावर लोक फार वाद घालतात. तंगूस पारदर्शक, ब्रेडेड अपारदर्शक, हे खरं. पण जून ते ऑक्टोबर कयाधूला आणि पैनगंगेला जे काळ्या मातीचं पाणी येतं त्यात हातभर खोलीवर काही दिसत नाही. तेव्हा पारदर्शकतेला पैसे मोजणं व्यर्थ. हिवाळ्यात जलाशय निवळतो, रोहू सावध होतो, तेव्हा मात्र फरक पडतो. त्यावर सोपा तोडगा आहे. मुख्य दोर ब्रेडेड ठेवायचा आणि गळाकडचा दीड-दोन मीटरचा तुकडा तंगुसाचा. दिसणंही टळतं, दगडावर घासणारा भाग बदलताही येतो, आणि अडकलंच तर कमजोर तुकडा आधी तुटतो, अख्खा दोर जात नाही. हा तुकडा मुद्दाम मुख्य दोराहून कमी बळाचा घ्यावा. लोक नेमकं उलटं करतात.

ऊन तंगुसाचा वैरी आहे. मराठवाड्यातला मे नायलॉनला सोसत नाही. गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या छपराखाली, दुकानाच्या दर्शनी काचेत लटकत राहिलेला तंगूस बाहेरून नवा दिसतो आणि पहिल्याच ओढीला जातो. घेताना मागच्या कपाटातलं बंडल मागावं. घरी आणून एक हात दोर सोडवून मध्ये साधी गाठ मारून ओढून बघावा. ब्रेडेड उन्हाला बराच टिकतो, रंग उडाला तरी बळ राहतं. तीन-चार हंगाम तो सहज चालतो, आणि एका टोकाला झिजला की रिळावर उलटा गुंडाळून दुसरं टोक वापरता येतं. त्यामुळं किंमत कितीतरी जास्त असूनही नेमानं जाणाऱ्याला तो शेवटी फार महाग पडत नाही. महाग पडतो तो बाभळीच्या खुंटात हरवणाऱ्याला.

हौशी माणसाचा हा पेच पोटासाठी मासेमारी करणाऱ्यांपुढं जाळ्याच्या रूपात उभा असतो. या जलाशयांची मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते. भोई समाजाचे सभासद संध्याकाळी तराफ्यावरून जाळी लावतात आणि पहाटे काढतात. (गळ टाकायला जाण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारावं, हे इथंच सांगून ठेवतो.) त्यांच्यापुढंही दोनच रस्ते. एक पिळाच्या नायलॉन सुताचं जाळं, ज्याचा माल २१०/२/२, २१०/२/३ अशा आकड्यांनी ओळखतात. यातला २१० म्हणजे डेनियर: ९,००० मीटर सूत २१० ग्रॅम भरतं. पुढचे आकडे पेडांचे. २१०/२/३ मध्ये अशी सहा सुतं एकत्र पिळलेली असतात. महाराष्ट्रात हा माल म्हटलं की गरवारे हे नाव तोंडी येतं. १९७६ साली सुरू झालेली पुण्याची गरवारे वॉल रोप्स, आता गरवारे टेक्निकल फायबर्स, तिचा वाईचा कारखाना जाळ्यांसाठी जगभर ओळखला जातो. दुसरा रस्ता तंगुसाच्या जाळ्याचा, केसासारख्या ०.१६ ते ०.२० मिलिमीटर तंतूचा.

तंगुसाचं जाळं पाण्यात जवळजवळ दिसत नाही आणि ताठ असल्यामुळं त्याचे आस उघडे राहतात. मासा सरळ गालफडापर्यंत शिरतो. पकड जास्त येते, जाळं हलकं आणि स्वस्त असतं. म्हणून देशभर जलाशयांत त्यानं पिळाच्या जाळ्याला मागं सारलं. पण ते फाटलं की संपलं. पिळाच्या सुताची गाठ धरून बसते. जुनी माणसं दुपारी सावलीला बसून आस-आस सांधत. तंगुसाची गाठ सरकते, सांधायला घेतलेला वेळ नव्या जाळ्याच्या किमतीत बसत नाही. एका-दोन हंगामांत ते टाकून दिलं जातं, आणि टाकलं कुठं हा प्रश्न उरतो. पाण्यात राहिलेलं जाळं धन्याविना मासे धरत राहतं. त्यात कासव अडकतं, पाणकावळा अडकतो. त्याही आधीच्या, सणा-सुताच्या जाळ्यांना रोज वाळवावं लागे, सालींच्या काढ्यात मुरवावं लागे, तरी ती कुजत. त्या कुजण्याची तेव्हा कटकट वाटे. हरवलेलं जाळं आपोआप नाहीसं होणं हा त्याचा फायदा होता, हे नायलॉन आल्यावर कळलं.

हौशी माणसाचा हातभर तुकडाही त्याच जातीचा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये पतंगाच्या नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, ती पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापले जात होते म्हणून. संक्रांतीनंतर उरलेला तसला मांजा गळाला लावणारे महाभाग आहेत. त्यावर काचेचा लेप असतो, गाठ धरत नाही, हात मात्र कापतो. त्याच्या वाटेला जाऊ नये.

हात कापण्यावरून एक सूचना. अडकलेला ब्रेडेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नये, दस्तीवरून सुद्धा नाही. काठीच्या तुकड्याला चार-पाच वेढे द्यावेत, रॉड सरळ दोराच्या रेषेत धरावा म्हणजे तो मोडत नाही, आणि मागं चालत जावं. हातगळ टाकणाऱ्यानं तर ब्रेडेडचा नाद सोडावा आणि ०.५० किंवा ०.६० चा तंगूस घ्यावा. बोटांवरून धावणारा दोर जाड असलेला बरा. रिळावर ब्रेडेड भरताना तळाशी आधी थोडा तंगूस गुंडाळावा, नाहीतर अख्खा दोर रिळाभोवती घसरत फिरतो आणि मासा पळत असताना रीळ का ओढत नाही याचं आपल्याला कोडं पडतं.

कात्री ब्रेडेडसाठी वेगळी, धारदार ठेवावी. दातांनी तो तुटत नाही आणि दातांचं नुकसान होतं. कापलेले तुकडे खिशात घालून परत आणावेत, बोटभर लांबीचे करून कचऱ्यात टाकावेत. काठावर चरणाऱ्या गुरांच्या पोटात ते गेले तर आतडी गुंडाळतात. आणि मे महिन्यात पाणी उतरलं की एकदा पिशवी व कात्री घेऊन आपल्या नेहमीच्या जागेवर उतरावं. खुंट कुठं आहेत, विहीर कुठं, दगडांची रांग कुठून कुठवर गेली आहे, याचा नकाशा फोनमध्ये फोटो काढून घ्यावा. दुसऱ्यांचे अडकलेले गळ, शिसं, चांगली रबरी बेडकं फुकटात मिळतात ते वेगळंच.